गाडी सूर लावते तेव्हा

गाडीचा वेग वाढवताना कधी कधी इंजिनाच्या नेहमीच्या घरघरीवर एक वेगळाच बारीक आवाज ऐकू येतो, 'सूंऽऽऽ' असा. वेग वाढेल तसा तो चढतो, कमी झाला की उतरतो. गॅरेजमध्ये आपण फक्त 'आवाज येतो' एवढंच सांगतो. मग अंदाजाने एकेक भाग बदलला जातो, बिल वाढतं आणि आवाज तसाच राहतो. खरं म्हणजे हा सूर स्वतःच आपला पत्ता सांगत असतो. तो ओळखायला शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं.

आधी सूर तयार कसा होतो ते पाहू. सायकल उलटी उभी करा आणि फिरत्या चाकाच्या आऱ्यांना पोस्टकार्डाचा कोपरा हलकेच टेकवा. आरे ४० असतील आणि चाक सेकंदाला २ फेरे घेत असेल, तर कार्डावर सेकंदाला ८० टिचक्या बसतात. कानाला त्या सुट्या वाटत नाहीत. ८० हर्ट्झचा खर्जातला फर्रऽऽ असा एक सलग आवाज ऐकू येतो. चाक जोरात फिरवलं की तो चढतो. रॉबर्ट हूक यांनी १६८१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत पितळेची दातेरी चाकं फिरवून असेच सूर काढून दाखवले होते.

गाडीतही दातेरी चाकांच्या जोड्या असतात. दाते गुणिले दर सेकंदाचे फेरे, ही झाली त्यांच्या सुराची वारंवारता. टायरचा परीघ १.८ मीटर धरला, तर ताशी ६५ कि.मी. वेगाला चाक सेकंदाला सुमारे १० फेरे घेतं. चाकांबरोबर फिरणाऱ्या गिअरला ६० दाते असतील, तर सूर ६०० हर्ट्झचा. वेग निम्मा केला की ३०० हर्ट्झ, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली.

मग चांगल्या गाडीत हा सूर का ऐकू येत नाही? पुढे जाण्याच्या गिअरचे दाते तिरपे कापलेले असतात. एका दात्याची पकड सुटण्याआधीच पुढचा दाता हळूहळू पकड घेतो. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्स गिअरचे दाते मात्र सरळ असतात. ते पूर्ण रुंदीने एकदम भिडतात, म्हणून मागे जाताना गाडी सूर लावते. तो बिघाड नव्हे. पण दाते झिजले, बेअरिंग सैल झालं किंवा गिअर ऑईल कमी झालं, की पुढे जातानाही दाते नीट भिडत नाहीत आणि सूर उमटतो.

आता मुख्य प्रश्न. सूर कोणाच्या मागे जातो, इंजिनाच्या की चाकांच्या? गाडीचा वेग वाढताना दोघांचेही फेरे वाढतात, त्यामुळे नुसतं ऐकून कळत नाही. त्यांना वेगळं करायला हवं.

पहिली चाचणी उभ्या गाडीवर. हँडब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये अ‍ॅक्सिलरेटर हलकेच दाबा. सूर आला, तर चाकांचा संबंध नाही. दिवे आणि पंखा लावल्यावर तो वाढला, तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट तपासावा. पंपाचं पॉवर स्टिअरिंग असेल आणि ते वळवताना आवाज वाढत असेल, तर त्यातल्या तेलाची पातळी पाहावी. क्लच दाबताच सूर थांबला, तर गिअरबॉक्समधल्या बेअरिंगवर संशय घ्यावा. चालू इंजिनाच्या बेल्टजवळ हात, ओढणी किंवा सैल बाही नेऊ नये.

दुसरी चाचणी मोकळ्या रस्त्यावर. समजा, ताशी ४० कि.मी. वेगाला आपण दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकला. इंजिनाचे फेरे मिनिटाला ३००० वरून सुमारे २००० वर येतात, चाकांचे मात्र जवळजवळ तेवढेच राहतात. ३:२ हे गुणोत्तर म्हणजे पंचम आणि षड्ज यांच्यातलं अंतर. सूर 'प'वरून 'सा'वर यावा तसा एकदम उतरला, तर उगम इंजिनाच्या बाजूला. तो तसाच राहिला, तर उगम चाकांच्या बाजूला. एकाच गिअरमध्ये येऊन बाकीच्यांत नाहीसा झाला, तर दोष त्या गिअरच्या जोडीचा. (ही चाचणी हाताने गिअर बदलायच्या गाडीसाठी. विजेच्या गाडीत इंजिनाचा आवाज नसल्याने मोटरचा मंद सूर नव्या गाडीतही ऐकू येतो.)

सूर चाकांच्या बाजूचा ठरला, तर तिसरी चाचणी. अ‍ॅक्सिलरेटर दाबताना दात्यांच्या एका अंगावर भार येतो, सोडल्यावर दुसऱ्या अंगावर. पाय काढताच सूर थांबत असेल, तर डिफरन्शिअलकडे पाहावं. आधी त्यातल्या तेलाची पातळी तपासावी, मग दात्यांमधली फट. पाय काढूनही घूंऽऽ चालूच राहिली आणि डावीकडे वळताना वाढली, तर उजव्या चाकाच्या बेअरिंगवर पहिला संशय घ्यावा, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. झिजलेले टायरही अशीच घूं करतात. पुढची-मागची चाकं अदलाबदल करून आवाजाची जागा बदलली, तर दोष टायरचा.

हा केवळ कानाला होणारा त्रास नाही. चाकाचं बेअरिंग पुरतं निकामी झालं, तर चाक जाम होऊ शकतं किंवा डगमगू लागतं. अनेक गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप बेल्टवरच चालतो. असा बेल्ट तुटला की इंजिन तापतं. सूर ही त्याआधीची सूचना असते.

वर्गात हा विषय घेताना चाचण्यांचा तक्ता मुलांकडूनच करून घ्यावा. एका बाजूला 'काय बदललं', दुसऱ्या बाजूला 'काय तसंच ठेवलं'. प्रयोगशाळेत आपण जे शिकवतो, तेच इथे रस्त्यावर उपयोगी पडतं. पुढच्या वेळी मिस्त्रीला 'आवाज येतो' एवढंच न सांगता, 'न्यूट्रलमध्ये येत नाही, गिअर बदलला तरी उतरत नाही, डावीकडे वळताना वाढतो' असं सांगता येईल. निम्मं निदान तिथेच झालेलं असेल.