कालका–सिमला मार्गावरील वाफेची इंजिने

चंदीगडला बदली होऊन आलेल्या मराठी माणसाची पहिली सहल बहुधा सिमल्याची असते. मीही त्याला अपवाद ठरलो नाही. मोटारीने जाणे सोयीचे होते. तथापि कालक्याहून छोट्या गाडीनेच जावे, असा माझा आग्रह होता. आज ही गाडी डिझेल इंजिने ओढतात. परंतु या मार्गाचा भार प्रथम समर्थपणे पेलला तो ब्रिटिश बनावटीच्या, मध्यम ताकदीच्या वाफेच्या इंजिनांनी.

९ नोव्हेंबर १९०३ रोजी खुला झालेला हा सुमारे ९६ किलोमीटरचा मार्ग ६५६ मीटरवरून २,०७६ मीटर उंचीवर चढतो. आरंभी दार्जिलिंगच्या धर्तीची चिमुकली इंजिने आणली गेली. ती अपुरी पडली. मोठी, लांबलचक इंजिने आणावीत, तर काही वळणांची त्रिज्या अवघी ३७ मीटर! अखेर पुढे दोन, मध्ये सहा चालक आणि मागे दोन चाके, अशी रचना पक्की झाली. पुढची-मागची चाके वळणावर इंजिनाला वाट दाखवीत. पाणी स्वतंत्र डब्यात न नेता इंजिनाच्याच बाजूच्या टाक्यांत भरलेले असल्याने त्याचे वजन चालक चाकांवर पडे व चढावर ती सहसा घसरत नसत. १९०४ ते १९१० या काळात अशी सुमारे तीस इंजिने आली. रुळांची रुंदी ७६२ मिलिमीटर, म्हणजे आपल्या जुन्या बार्शी लाइट रेल्वेइतकीच.

बँकेतल्या माणसाची नजर मात्र ताळेबंदाकडे वळतेच. १९०४ पर्यंत कंपनीने १,६५,२५,००० रुपये खर्च केले होते. इतर मार्गांपेक्षा अधिक भाडे आकारण्याची मुभा असूनही नफ्याचे चिन्ह दिसेना. अखेर १ जानेवारी १९०६ रोजी सरकारने हा मार्ग १,७१,०७,७४८ रुपयांना विकत घेतला. इंजिनांचा प्रश्न सुटत आला, तोवर मालकच बदलला होता! निव्वळ व्यापारी निकष लावले असते, तर आज आपण ज्या मार्गाने हौसेने जातो, तो कदाचित तेव्हाच मोडीत निघाला असता. २००८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

या इंजिनांपैकी ‘के. सी. ५२०’ हे १९०५ चे इंजिन ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने बांधले. ती कंपनी १९६२ साली बंद पडली. इंजिनही १९७१ साली सेवेतून निघाले व तीस वर्षे थंडच राहिले. २००१ साली त्याची दुरुस्ती होऊन ते पुन्हा धावू लागले, आणि ही दुरुस्ती झाली आपल्या मुंबईत, परळच्या कारखान्यात.