पहिला हंगाम आणि खेळाडूची पारख

हॉकी म्हटली की आपल्या श्रोत्यांना ध्यानचंद आठवणार, आणि ते योग्यच आहे. आज मात्र आम्ही बोलणार आहोत ते कॅनडा-अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीविषयी. तेथे खेळाडू पोलादी पात्यांचे बूट घालून रबराच्या चकतीमागे सुसाट घसरत जातात. तेथील नॅशनल हॉकी लीगमध्ये दरवर्षी होतकरू मुलांची निवड होते, आणि ती मागे पडलेल्या संघांना अगोदर करावयास मिळते. मुलाचे वय जेमतेम अठरा. अशा मुलाचा एक हंगाम वाया गेला, की त्याच्यात काही पाणी आहे की नाही, याची चर्चा सुरू होते. (पहिल्या चाचणीवरून मुलाचे भवितव्य सांगणारे काका आपल्याही घरोघरी असतातच!)

बोस्टन संघाचे उदाहरण घेऊ. लीगमध्ये अगदी तळाला गेलेल्या या संघाने १९९७ मध्ये दोन मुले निवडली : पहिल्या क्रमांकावर कॅनडाचा जो थॉर्नटन आणि आठव्या क्रमांकावर रशियाचा सर्गेई सॅमसोनोव्ह. गोल करणाऱ्यास एक गुण, आणि त्याला चकती पुरविणाऱ्या दोघांपर्यंत खेळाडूंसही एकेक गुण, असा तेथील हिशेब आहे. पहिल्याच हंगामात सॅमसोनोव्हने ४७ गुण मिळवून सर्वोत्तम नवोदिताचे पारितोषिक पटकावले. थॉर्नटनचे ५५ सामन्यांत ३ गोल आणि गुण अवघे ७! त्या वेळी आम्ही बोस्टनमध्ये असतो, तर आम्हीही थॉर्नटनला नावेच ठेवली असती.

परंतु हे ७ गुण आले कसे? हंगामापूर्वीच त्याचा हात मोडला होता. शिवाय या खेळात आघाडीच्या तिघातिघांच्या चार फळ्या असतात, आणि त्या मिनिटा-मिनिटाने आळीपाळीने बर्फावर उतरतात. पहिल्या फळीला वेळ अधिक आणि सोबतीही चांगले. चौथीच्या वाट्याला उरलीसुरली मिनिटे. थॉर्नटन बव्हंशी या शेवटच्या फळीत खेळला. तेव्हा गुणांचा आकडा जितका खेळाचा, तितकाच मिळालेल्या वेळेचाही असतो. दुसरी गोष्ट, सॅमसोनोव्ह त्याच्याहून आठ महिन्यांनी मोठा होता आणि आदल्याच वर्षी एका व्यावसायिक लीगमध्ये प्रौढ खेळाडूंशी झुंजून आलेला होता. थॉर्नटन तोवर मुलांमध्येच खेळत होता. त्या वयात हे अंतर लहान नव्हे.

पुढच्या तीन हंगामांत थॉर्नटनचे गुण झाले ४१, ६० आणि ७१. २००५-०६ मध्ये बोस्टनने त्याला सॅन होजे संघाला देऊन टाकले, आणि त्याच हंगामात १२५ गुण मिळवून तो लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला! कारकीर्दीअखेर त्याचे गुण भरले १५३९; सॅमसोनोव्हचे ५७१.

गोलांच्या आकड्यात नशिबाचाही वाटा असतो. लीगमध्ये साधारणपणे शंभर फटक्यांत नऊ-दहा गोल होतात. २०१९ मध्ये प्रथम क्रमांकाने निवडल्या गेलेल्या जॅक ह्यूजचे पहिल्या हंगामात ६१ सामन्यांत केवळ ७ गोल झाले. शेकडा सहासुद्धा फटके सार्थकी लागले नाहीत. इतके कमी प्रमाण सहसा टिकत नाही, म्हणून जाणते लोक गोलांपेक्षा फटके मोजतात. २०२२-२३ मध्ये याच ह्यूजने ४३ गोल केले.

तथापि धीर धरणे हाही सर्वांना लागू पडणारा उपाय नव्हे. २०१२ मध्ये एडमंटन संघाने पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या नेल याकुपोव्हने आरंभी ४८ सामन्यांत १७ गोल केले, तेव्हा सगळीकडे वाहवा झाली. पण त्याचे शेकडा वीसहून अधिक फटके गोल ठरले होते, हे फारसे कोणी पाहिले नाही. पुढील हंगामात ६३ सामन्यांत त्याचे ११ गोल झाले. लोक म्हणाले, पोरगा बिघडला. आम्हांस वाटते, फसवा होता तो पहिलाच हंगाम. आणखी तीन संघांच्या दारी जाऊ न शकता, दोनच संघ बदलून, २०१८ मध्ये तो रशियास परतला.