शाफ्ट मोडतो तेव्हा
खेळ आणि पदार्थ : भाग सातवा

ऑगस्ट २०२०. सॅन फ्रान्सिस्कोच्या हार्डिंग पार्क मैदानावर गोल्फच्या पीजीए चॅम्पियनशिपची पहिली फेरी चालू होती. त्या वर्षी ब्रायसन डिशॅम्बो या अमेरिकन खेळाडूच्या ताकदीची फार चर्चा होती. व्यायाम करकरून त्याने अंग कमावलं होतं आणि चेंडू कुठल्या कुठे जात होता. सातव्या होलवर त्याने ड्रायव्हर मारला, मग जमिनीतली टी उचलायला वाकला आणि वाकताना आधारासाठी ड्रायव्हर टेकवला. टेकवल्याबरोबर क्लबचं डोकं वेगळं झालं. ग्रॅफाइटचा शाफ्ट डोक्याच्या जरा वर मोडला होता.

मोडण्याचा क्षण मोठा विचित्र आहे. ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरताना शाफ्ट टिकला आणि माणसाने नुसता भार दिला तर तुटला. अर्थात तो टेकवताना तुटला असला, तरी तुटायला सुरुवात आधीच कधीतरी झाली असणार. आधीच्या असंख्य फटक्यांनी हा शाफ्ट थकला असावा, असंच डिशॅम्बोचंही म्हणणं पडलं. त्याने तो रागाने आपटला नव्हता, म्हणून नियमाप्रमाणे त्याला नवा शाफ्ट बसवून खेळता आलं.

गोल्फ नव्याने शिकणारा माणूस दुकानात गेला की पहिला प्रश्न विचारतो, ‘स्टील टिकाऊ की ग्रॅफाइट?’ माझ्या मते हा प्रश्नच थोडा चुकतो. नीट वापरला तर कुठलाही बरा शाफ्ट मालकाच्या हौसेपेक्षा जास्त टिकतो. विचारायचं ते हे की, हा मोडणार असेल तर कसा मोडेल आणि मोडण्याआधी मला काही कळेल का? या बाबतीत लाकूड, पोलाद आणि कार्बन यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत.

सुरुवात लाकडापासून करू. स्कॉटलंडमध्ये आधी ॲश, हेझल अशा तिथल्याच झाडांचे दांडे असत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून हिकरी यायला लागली आणि बाकीची लाकडं मागे पडली. हिकरी चिवट असते. धक्का सोसते, वाकते, पुन्हा सरळ होते. कुऱ्हाडीला आणि हातोड्याला तिचे दांडे अजूनही लावतात, ते याच गुणासाठी. पण ती शेवटी लाकूडच. एका झाडाचे दोन दांडे सारखे निघत नाहीत. हवा दमट झाली की फुगते, कोरडी पडली की आकसते. त्यामुळे तिला जवसाचं तेल पाजावं लागे, आणि डोकं व दांडा जिथे जुळतात तिथे डांबर लावलेला दोरा आवळून गुंडाळावा लागे. शिवाय ती नुसती वाकत नाही, पिळवटतेही. जोर लावून झटका दिला की डोकं मागे राहतं आणि चेंडू भलतीकडे जातो. जुन्या खेळाडूंच्या फटक्याची लय संथ दिसते, त्याचं बरंचसं श्रेय या पिळाला द्यायला हवं.

मोडण्याच्या बाबतीत मात्र हिकरी प्रामाणिक. आधी वाकडी होते, मग रेषेच्या दिशेने चीर पडते, ती डोळ्याला दिसते, बोटाला लागते, कानाला आवाज बदललेला कळतो. घरात जुने क्लब असलेल्यांनी दांडा उजेडात धरून टोकाकडून नजर लावून पाहावा. त्याचा सगळा इतिहास त्या बाकात दिसतो.

पोलादाची कल्पना फार लवकर सुचली होती. एडिनबर्गचा टॉमस हॉर्सबर्ग हा लोहार. त्याने १८९४ साली पोलादी शाफ्टचं पेटंट घेतलं. पण त्याचा शाफ्ट भरीव होता, आणि क्लब बनवणाऱ्या कारागिरांनी त्याला दारात उभं केलं नाही. भरीवपणा हीच खरी अडचण होती. वाकण्याला विरोध करतो तो मुख्यतः बाहेरच्या कडेचा धातू; मधला गाभा वजन वाढवण्यापलीकडे फार काही करत नाही. म्हणून गाभा काढून टाकायचा आणि नळी करायची. ही गोष्ट कुणाला डोळ्यांनी पाहायची असेल तर चेंबूरला पाहता येते. तिथल्या गोल्फ क्लबात कॅडीचं काम करणाऱ्या मुलांनी वस्तीच्या गल्लीबोळांत आपला वेगळा गोल्फ चालवला आहे. बांधकामावरची सळई टोकाशी वाकवायची आणि तिने प्लास्टिकचा चेंडू मारायचा. सळईही पोलादाची, शाफ्टही पोलादाचा, आणि ताणाला दोघांचा मूळ विरोध जवळपास सारखाच. पण सळई भरीव आणि जड असते, शिवाय एकदा हद्दीबाहेर वाकली की वाकलेलीच राहते. शाफ्टची नळी पातळ असते, तिची भिंत जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. उष्णतेचे संस्कार केलेलं पोलाद असल्यामुळे ती पुष्कळ वाकूनही परत सरळ येते. त्या सळईवर पोरं जे नेम साधतात, त्याला मात्र तोड नाही.

पातळ, निमुळती आणि तरी मजबूत नळी काढायची विद्या आली कुठून? मागच्या आठवड्यात गळाच्या काठ्यांबद्दल लिहिलं होतं, ते आठवत असेल तर उत्तर सोपं आहे. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या ब्रिस्टल गावी पोलादी गळकाठ्या बनवणारी हॉर्टन कंपनी होती. पोलादी शाफ्टच्या पहिल्या कारखानदारांत तिची गणना होते. लांब, लवचीक, टोकाकडे बारीक होत जाणारी नळी तिच्या रोजच्या सवयीची होती.

अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९२४ साली पोलादी शाफ्टला मान्यता दिली. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजची आर अँड ए ही संस्था १९२९पर्यंत नाही म्हणत राहिली. प्रिन्स ऑफ वेल्सने सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर पोलादी शाफ्टचे क्लब वापरले आणि आता राजपुत्राला बाद कसं ठरवायचं, म्हणून नियम बदलला, असं सांगतात. गोष्ट गमतीची आहे, पण दुसरं कारण जास्त सबळ वाटतं. चांगल्या हिकरीचा तुटवडा पडू लागला होता. लाकूड संपत आलं की परंपरेचा आग्रहही हळूहळू ढिला पडतोच.

तरी लोकांच्या नजरेला पोलाद सहज मानवलं नाही. सुरुवातीच्या बऱ्याच पोलादी शाफ्टवर तपकिरी प्लास्टिकचं वेष्टण चढवलेलं असे, लांबून लाकूड वाटावं म्हणून. बॉबी जोन्सने १९३०मध्ये एकाच वर्षात चार मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्या हिकरीने. पुढच्याच वर्षी बिली बर्कने अमेरिकन ओपन जिंकली ती पोलादाने. ओहायोतल्या इन्व्हरनेस क्लबवर ७२ होल संपले तेव्हा तो आणि जॉर्ज व्हॉन एल्म बरोबरीत होते. मग ३६ होलचा निर्णायक सामना झाला, तोही बरोबरीत. पुन्हा ३६. एकूण १४४ होलनंतर बर्क एका फटक्याने जिंकला. नव्या पदार्थाची टिकाऊपणाची परीक्षाच म्हणायची! मोठ्या स्पर्धांत हिकरीचा शेवटचा विजय १९३६चा, जॉनी फिशरचा, अमेरिकन हौशी स्पर्धेतला.

पोलादाचा सगळ्यात मोठा परिणाम मजबुतीचा नव्हता, सारखेपणाचा होता. एक शाफ्ट दुसऱ्यासारखा निघायला लागला तेव्हा क्रमांक घातलेले संच विकता आले. आणि संच विकता आल्यावर दुकानदार गप्प कसा बसेल? काही खेळाडू वीस-पंचवीस क्लब पिशवीत घालून फिरू लागले. ओझं अर्थातच कॅडीच्या खांद्यावर. शेवटी १९३८ साली अमेरिकन संघटनेने चौदाची मर्यादा घातली, ती आजही आहे.

पोलाद दोन तऱ्हांनी संपतं. एक उघड असते. झाडाच्या मुळावर आपटलं किंवा कुणी संतापून गुडघ्यावर दाबलं की नळीला घडी पडते. अशी घडी ठोकून सरळ करू नये, करणाऱ्याला करूही देऊ नये. तिथली भिंत चेपलेली असते, आणि पुढचा जोरदार फटका तिथूनच तोडतो. दुसरी तऱ्हा लपलेली असते. बाहेरून क्रोम चकाकत असतो, पण नळीच्या आत क्रोम नसतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातली पिशवी ओलीच कपाटात गेली की ग्रिपच्या टोकाच्या छिद्रातून शिरलेला ओलावा महिनोन्‌महिने आत बसतो. ग्रिप बदलायला काढली आणि क्लब उलटा करून टकटक केलं की फरशीवर तपकिरी भुकटी पडते. थोडी पडली तर चिंता नको. खवले पडायला लागले तर तो शाफ्ट निवृत्त करावा. बाहेर, डोक्याच्या खोबणीशी काळ्या प्लास्टिकची छोटी कडी असते, तिच्या काठालाही गंज धरतो. क्लब पुसताना फडकं तिथवर न्यावं, एवढंच.

मधल्या काळात ॲल्युमिनियम येऊन गेलं, त्यावर शब्द खर्च करायचं कारण नाही. फायबरग्लासही आला. त्या शाफ्टने गॅरी प्लेअरने १९६५ची अमेरिकन ओपन जिंकली. हे शाफ्ट होते शेक्सपिअर या कंपनीचे, आणि ही कंपनीही मूळची गळाच्या साहित्याची! तिच्याच फ्रँक थॉमस या अभियंत्याने १९६९मध्ये कार्बन तंतूंचा, म्हणजे ज्याला आपण ग्रॅफाइट म्हणतो तो शाफ्ट तयार केला. जपानमध्ये १९७२ साली गे ब्रूअरने काळ्या शाफ्टने ताइहेयो मास्टर्स जिंकली आणि तिथल्या कार्बन कारखान्यांना एक हुकमी गिऱ्हाईक मिळालं.

ग्रॅफाइटचा शाफ्ट बनतो कसा, हे कळलं की तो मोडतो कसा, हे आपोआप कळतं. कार्बनचे तंतू राळेत भिजवलेल्या पातळ पत्र्यांच्या रूपात येतात. निमुळत्या पोलादी कांबीवर हे पत्रे सुरळीच्या वडीसारखे एकावर एक गुंडाळतात, वरून पट्टी आवळतात आणि भट्टीत घालतात. राळ पक्की झाली की कांब ओढून काढतात, मग घासून रंग देतात. कसब आहे ते तंतूंच्या दिशेत. शाफ्टच्या लांबीला समांतर असलेले तंतू वाकणं रोखतात, तिरपे ठेवलेले तंतू पीळ रोखतात. सुरुवातीच्या ग्रॅफाइटला हा पीळच सांभाळता येत नव्हता, म्हणून चांगले खेळाडू बराच काळ लांब राहिले. टायगर वूड्सने १९९७ची मास्टर्स बारा फटक्यांच्या फरकाने जिंकली, तेव्हाही त्याच्या ड्रायव्हरला पोलादी शाफ्टच होता.

ग्रॅफाइट गंजत नाही, आणि पोलादासारखी कायमची घडीही त्याला पडत नाही. पण तंतू कापला गेला की तो पुन्हा जुळत नाही, आणि थरांमधली राळ आतल्या आत सुटली तर वरचा रंग तसाच तुळतुळीत राहतो. त्याला शत्रू असतात ते पिशवीतलेच. चालताना आयर्नची डोकी ड्रायव्हरच्या गळ्यावर आपटतात, पिशवीची कड एकाच जागी घासते. डोक्यावर लांब गळ्याचं टोपडं घालायचं ते यासाठी. तपासणी घरी करता येते. कापसाचा बोळा शाफ्टवरून हलक्या हाताने फिरवायचा. तंतू उघडा पडला असेल तर कापूस अडकतो. मग एका हाताने डोकं आणि दुसऱ्याने ग्रिप धरून थोडा पीळ द्यायचा आणि कान लावायचा. करकर ऐकू आली तर एक तर खोबणीतला चिकटा सुटलाय किंवा थर. नुसता रंग खरवडला असेल तर काही बिघडत नाही. नख अडकेल एवढी खाच असेल तर मात्र तो क्लब मैदानावर नेऊ नये, कारण डोकं सुटून कुणाच्या तरी दिशेने जातं.

चिकट्याचं सांगितलंच पाहिजे. ‘शाफ्ट गेला’ अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा शाफ्ट शाबूत असतो, खोबणीतला इपॉक्सी गेलेला असतो. नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत पिशवी दिवसच्या दिवस ठेवली की हा चिकटा मऊ पडत जातो. दुरुस्तीला देताना एवढं विचारावं की डोकं काढणार कसं? पोलादी शाफ्टला गॅसची ज्योत चालते. ग्रॅफाइटला ज्योत लावली तर राळ जळते आणि शाफ्ट तिथेच मेला. त्याला बेताचा गरम झोत द्यायचा आणि न पिळता सरळ ओढायचं. कापतानाही तेच. नळ कापायचं चाकाचं हत्यार पोलादाला ठीक, कार्बनला मात्र ते चिरडून टाकतं.

आता निवड. ड्रायव्हरबद्दल वादच उरलेला नाही. कार्बनची घनता पोलादाच्या साधारण पाचवा हिस्सा आहे. पोलादी शाफ्ट सव्वाशे ग्रॅमच्या घरात जातो तिथे ग्रॅफाइटचा पन्नास-साठ ग्रॅममध्ये बसतो. हलका म्हणून लांब करता येतो, लांब म्हणून डोकं वेगाने फिरतं. आयर्नमध्ये खरा पर्याय आहे. जड शाफ्ट ज्यांना हातात बरा वाटतो, ज्यांचे सांधे धडधाकट आहेत, त्यांनी पोलाद घ्यावं. ते स्वस्तही पडतं. कोपर किंवा मनगट कुरकुरत असेल, किंवा उन्हाळ्यातल्या टणक जमिनीवर खेळायचं असेल, तर ग्रॅफाइट हादरा बराच गिळतो. ग्रॅफाइट म्हाताऱ्यांचं, हा समज सोडून द्यावा. ज्या डिशॅम्बोपासून सुरुवात केली तो आयर्नलाही ग्रॅफाइटच लावतो.

जुने क्लब विकत घेणाऱ्याने मात्र क्रम उलटा करावा. जुनं पोलाद बिनधास्त घ्यावं, कारण त्याचे दोष पाच मिनिटांत सापडतात. जुना ग्रॅफाइट ओळखीच्याकडूनच घ्यावा, आणि तोही त्याची पिशवी एकदा उघडून बघितल्यावर.