केहीमकर : एका गावाचं आडनाव

मूळ : अलिबाग तालुक्यातलं किहीम. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी गावाला ‘कर’ जोडून आडनावं घेतली. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, तसे किहीमचे केहीमकर.

ओळख : बेने इस्रायली लोक घाण्यावर तेल गाळत. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

नाव राखणारे : हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी समाजाचा इतिहास लिहिला, तो 1937 मध्ये तेल अवीवला छापला गेला.

आज कुठे : 1948 नंतर बहुसंख्य बेने इस्रायली इस्रायलला गेले. भारतात उरलेल्यांचं मोठं केंद्र ठाणे. तिथलं ‘शआर हाशमाइम’ सिनेगॉग 1879 चं. गाव सुटलं, पण आडनावाने त्याची वाट जपली.