तर, तम आणि इंग्रजीची ‘डिग्री’

आपल्याला डिग्री मिळवायला चार वर्षं लागतात (एटीकेटीवाल्यांनी पुढचा हिशोब स्वतः करावा!). इंग्रजी विशेषणाकडे मात्र जन्मतःच तीन डिग्र्या असतात. पॉझिटिव्ह, कंपॅरेटिव्ह, सुपरलेटिव्ह. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. शाळेत आपण हे तक्ते घोकले. तरीही ग्रुप डिस्कशनमध्ये कोणाच्या तरी तोंडून ‘मोअर बेटर’ निघतंच. मग कोणीतरी हसतं आणि ज्याच्याकडे सगळ्यात चांगला मुद्दा होता तो पुढे गप्पच बसतो. मी मराठी माध्यमातला, त्यामुळे हे दृश्य माझ्या ओळखीचं आहे. म्हणून ही चूक येते कुठून, ते बघू.

मराठीत तुलना करताना विशेषण बदलत नाही. ‘लोकल बसपेक्षा फास्ट आहे, विमान सगळ्यात फास्ट आहे.’ ‘फास्ट’ तसाच राहिला, काम केलं ‘पेक्षा’ आणि ‘सगळ्यात’ यांनी. इंग्रजीत मात्र तुलना विशेषणाच्या पोटातच शिरते. फास्टर, फास्टेस्ट. ‘बेटर’मध्ये ‘जास्त’ आधीच आलेलं असतं. वर ‘मोअर’ लावणं म्हणजे एकाच वस्तूवर दोनदा टॅक्स!

‘बेटर फ्रॉम’चं मूळही आपल्या मराठीत आहे. ‘पुण्याहून आलो’ आणि ‘त्याहून चांगला’, दोन्हीकडे ‘हून’ एकच. इंग्रजीत पहिल्याला फ्रॉम, दुसऱ्याला दॅन.

मग ‘मोअर’ कधी वापरायचं? साधा हिशोब असा. एका ठोक्यात बोलता येणाऱ्या शब्दाला बहुतेक वेळा अर-एस्ट लावा (स्मॉलर, स्मॉलेस्ट). दोन ठोक्यांचा शब्द ‘वाय’ने संपत असेल तरी तेच (हेविअर, हेविएस्ट). डिफिकल्ट, एफिशियंट अशा लांब शब्दांना मोअर-मोस्ट. गुड-बेटर-बेस्ट आणि बॅड-वर्स-वर्स्ट मात्र पाठच करायचे.

आता आपल्या ब्रँचचं बोलू. मॅक्झिमम, मिनिमम, ऑप्टिमम हे लॅटिनमधले सुपरलेटिव्हच आहेत. ऑप्टिमम म्हणजे मुळात ‘सर्वांत उत्तम’. म्हणून प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ‘मोस्ट ऑप्टिमम’ लिहू नका. सीनियर, ज्युनियर हे लॅटिन कंपॅरेटिव्ह. त्यांच्यापुढे दॅन नाही, ‘टू’ येतो.

आणि हे सगळं परकं आहे असंही समजू नका. लसावि-मसाविमधले ‘लघुतम’ आणि ‘महत्तम’ आठवा. संस्कृतमध्ये ‘तर’ आणि ‘तम’ विशेषणालाच चिकटतात, अगदी इंग्रजीसारखे. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांतला ‘इष्ठ’ तर इंग्रजी ‘एस्ट’चा सख्खा चुलतभाऊ. दोघांचं मूळ एकाच प्राचीन भाषेत आहे.

गंमत म्हणजे ‘श्रेष्ठ’ आधीच सुपरलेटिव्ह असताना संस्कृतने त्याला पुन्हा ‘तम’ जोडून ‘श्रेष्ठतम’ केलं. शेक्सपिअरनेही ‘ज्युलियस सीझर’मध्ये एस्टवाल्या शब्दाआधी ‘मोस्ट’ लावलाय! आजच्या इंग्रजीत ते चालत नाही, तेव्हा आपण नीटच बोलायचं. पण कोणाकडून ‘मोअर बेटर’ ऐकलंत, तर हसण्याआधी त्याचा मुद्दा पुरता ऐका. आणि चूक तुमची झाली, तर सुधारा आणि बोलत राहा.