जिथून गाडी सुटते, तिथली खोली

कुर्ल्याच्या पुलावर आई मधेच थांबली. सकाळचे पावणेनऊ वाजले होते. हार्बरच्या फलाटावरून वर आलेली गर्दी आम्हाला दोन्ही बाजूंनी घासत पुढे चालली होती. आईने एका हाताने कठडा धरला होता, दुसऱ्या हाताने रिपोर्टची फाइल छातीशी घट्ट धरली होती. ‘तू हो पुढं, मी येते मागनं,’ ती म्हणाली. पुढे होऊन मी जाणार कुठे? परळला टाटा रुग्णालयात तपासणी तिचीच होती. मध्य रेल्वेच्या फलाटावर उतरल्यावर एकामागून एक तीन धीम्या लोकल आल्या आणि गेल्या. एकीतही तिला चढवता आलं नाही. शेवटी स्टेशनबाहेर येऊन टॅक्सी केली.

त्या खेपेला आम्ही वाशीला उतरलो होतो. दादरपेक्षा तिथली खोली रात्रीला चारशे रुपयांनी स्वस्त, स्टेशनला अगदी लागून, स्वच्छ. सोलापुरात बसून मोबाइलवर पाहताना तिच्यात काहीच खोट दिसली नाही. दोन रात्रींचे आठशे रुपये वाचवले, आणि दोन दिवस जाता-येता कुर्ला ते परळ टॅक्सी करण्यात तेवढेच घातले. आईची दमणूक वेगळीच.

मुंबईत दोन-चार दिवसांच्या कामासाठी येणाऱ्या माणसाला पूर्वी लॉजचा विचार फारसा करावाच लागत नसे. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी गावांच्या सामाईक खोल्या होत्या. गावचा माणूस आला की वळकटी तिथे टाकायचा आणि जवळच्या खानावळीत जेवायचा. मंत्रालयात काम असेल तर आमदार निवासात एखाद्या खोलीत सतरंजीवर जागा मिळायची. नाहीतर चुलता, आतेभाऊ, मेहुणा कुणीतरी असायचंच. आता चाळी गेल्या, गिरण्या गेल्या आणि नातेवाईक बदलापूर, नालासोपाऱ्याला राहायला गेले. त्यांच्याकडे उतरायचं म्हणजे परळला पोचायला सकाळच्या सर्वांत भरलेल्या लोकलमध्ये घुसायचं. म्हणून लॉज पाहावाच लागतो, आणि स्वस्तातला पाहावा लागतो.

तो शोधताना आपण स्टेशनपासूनचं अंतर पाहतो. ते बरोबरच आहे, पण मुंबईत तेवढ्याने भागत नाही. गर्दी कुठल्या दिशेला वाहते ते आधी पाहावं लागतं. सकाळी उपनगरांतून दक्षिणेकडे येणाऱ्या गाड्या खच्चून भरलेल्या असतात. संध्याकाळी हीच गर्दी उलटी फिरते. आपलं काम परळ, भायखळा, दादर या पट्ट्यात असेल, तर खोली त्याच्या दक्षिणेला घ्यावी, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या (सीएसएमटी) आसपास. सकाळी नऊला तिथे शिरणारी लोकल माणसांनी ओसंडत असते. ती रिकामी होते आणि तीच गाडी परत उत्तरेकडे सुटते. तिच्यात बसायला जागा मिळते. मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, की आलं परळ. दुसऱ्या वर्गाचं तिकीट पाच रुपये. गाडी मात्र धीमीच पकडायची, कारण बहुतेक जलद गाड्या परळला थांबत नाहीत.

दुसरी गोष्ट मला आईच्या गुडघ्यांमुळे कळली. सीएसएमटी हे शेवटचं स्टेशन आहे. रूळ तिथे संपतात आणि अठराही फलाटांची तोंडं एका सपाट जागेवर उघडतात. सोलापूरची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी ज्या फलाटावर लागते, तिथून लोकलच्या फलाटापर्यंत एकही पायरी चढावी लागत नाही. चर्चगेटचंही तसंच आहे. दादर, कुर्ला, अंधेरी ही मधली स्टेशनं, तिथे पूल आलाच. परळलाही पूल चुकत नाही, पण दिवसभरात दोनदा पूल चढणं आणि सहादा चढणं यात आजारी माणसाला फार फरक पडतो.

पुढच्या खेपेला म्हणून आम्ही फोर्टच्या मागच्या गल्लीतला लॉज घेतला. इमारत जुनी, जिना लाकडी आणि उभाच्या उभा. धरायला वरून एक जाड दोरखंड सोडलेला, हजारो हात लागून गुळगुळीत झालेला. आई त्या दोराकडे पाहतच राहिली. व्यवस्थापक खाली आले, म्हणाले, ‘मावशी, फोनवर सांगायचं ना. पहिल्या मजल्यावरची खोली ठेवली असती.’ सांगायचं आमच्याच डोक्यात आलं नव्हतं. रात्री तिसऱ्या मजल्यावर मी पाण्याची बाटली, औषधं आणि बॅगा घेऊन तीन फेऱ्या केल्या. सकाळी मात्र लॉजमधून निघाल्यापासून चाळीसाव्या मिनिटाला आम्ही परळच्या फलाटावर होतो, आणि आई पूर्ण वेळ खिडकीशी बसून आली होती.

या भागात स्वस्त लॉज पुष्कळ आहेत. फोर्टच्या आतल्या गल्ल्यांत, क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला, मशीद बंदरला आणि अठरा नंबर फलाटाच्या बाहेर पी. डी’मेलो रोडला. सगळेच चांगले नाहीत. काहींच्या खोल्यांना खिडकीच नसते, प्लायवूडच्या भिंतीपलीकडचं खोकणंही ऐकू येतं. अशा खोलीत उपचार घेणाऱ्या माणसाला ठेवू नये, पैसे वाचले तरी ठेवू नये.

मुंबईत पत्ता विचारला की लोक आधी ‘ईस्ट का वेस्ट’ विचारतात. बाहेरगावच्या माणसाला तो तपशील किरकोळ वाटतो. पण रुळांच्या चुकीच्या बाजूला उतरलं, तर नकाशावरचे चारशे मीटर पूल आणि वळसा धरून पाऊण तासाचे होऊ शकतात. परळ मध्य रेल्वेवर, तर प्रभादेवी पश्चिम रेल्वेवर. दोन्ही स्टेशनं शेजारी-शेजारी आहेत. त्यांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर २०१७ च्या सप्टेंबरमध्ये चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली आणि त्यानंतर लष्कराने तिथे नवा पादचारी पूल बांधला. शेजारचा एल्फिन्स्टनचा गाड्यांचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला. टाटा आणि केईएम ही दोन्ही रुग्णालयं रुळांच्या पूर्वेला आहेत. प्रभादेवीच्या बाजूला खोली घेतलेल्या माणसाला टॅक्सीने तिथे जायचं तर केवढा वळसा पडतो, ते अंतराच्या आकड्यात दिसत नाही. म्हणून मोबाइलच्या नकाशावर पायी चालण्याची खूण दाबून अंतर पाहावं आणि वाट कुठल्या पुलावरून जाते, तेही पाहून ठेवावं. दादरलाही तीच काळजी घ्यावी. डिसेंबर २०२३ पासून तिथल्या फलाटांना एक ते चौदा असे सलग क्रमांक आहेत, पश्चिम रेल्वेचे आधी आणि मध्य रेल्वेचे आठपासून पुढे. पूर्वी दोन्हीकडे एक नंबर असायचा आणि नवखा माणूस हमखास चुकायचा.

काम वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) असेल, म्हणजे अमेरिकेच्या व्हिसासाठी जाणाऱ्यांचं असतं तसं, तर आता सोय झाली आहे. कफ परेड ते आरे ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. सीएसएमटी, काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, दादर, बीकेसी आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनल या एकाच मार्गावर आहेत. आधी बीकेसीतल्या कामासाठी वांद्र्याच्या महाग हॉटेलात उतरावं लागे, नाहीतर स्टेशनबाहेर रिक्षासाठी झुंबड करावी लागे. आता गिरगाव-ग्रँट रोडच्या जुन्या लॉजमध्ये उतरून गाडी न बदलता जाता येतं. भाडं दहा ते सत्तर रुपये, लोकलपेक्षा पुष्कळ जास्त, पण सकाळी साडेनऊच्या मुलाखतीला इस्त्री न मोडता पोचायचं असेल तर ते द्यावं. उच्च न्यायालयासाठी हुतात्मा चौक, मंत्रालयासाठी विधान भवन आणि कलिन्याच्या विद्यापीठासाठी विद्यानगरी ही स्थानकं याच मार्गावर आहेत. पवईच्या आयआयटीतल्या परीक्षेला मात्र या मेट्रोचा उपयोग नाही. तिथे कांजूरमार्गला उतरून पुढे बस किंवा रिक्षा करावी लागते, म्हणून ठाणे-मुलुंडची खोली बरी.

रिक्षा वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला चालत नाहीत, हे बाहेरगावच्यांना हटकून माहीत नसतं. परळला उतरून रिक्षा शोधणारी माणसं मी दर वेळी पाहते. तिथे काळी-पिवळी टॅक्सी किंवा बेस्टची बस. टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आहे आणि साध्या बसचं मे २०२५ पासून दहा रुपये.

लॉज नकोच असेल, तर रेल्वेच्या विश्रामगृहाचा विचार जरूर करावा. मोठ्या स्टेशनांवर खोल्या आणि सामाईक शयनगृह असतं. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून बारा किंवा चोवीस तासांसाठी आरक्षण मिळतं. जागा थोड्या असतात, म्हणून तिकीट हातात आलं की लगेच पाहावं. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१ मध्ये देशातलं रेल्वेचं पहिलं पॉड हॉटेल सुरू झालं. अठ्ठेचाळीस पॉड आणि सुरुवातीचा दर बारा तासांना ९९९ रुपये. एकट्या तरुण माणसाला एका रात्रीसाठी ते ठीक. पॉडमध्ये सरकून शिरावं लागतं आणि स्वच्छतागृह सामाईक असतं, त्यामुळे आईला घेऊन मी तिथे जाणार नाही.

टाटाच्या रुग्णांसाठी दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. रात्री महागड्या खोलीत आणि दिवसा रुग्णालयात असं महिनाभर कुणाला परवडत नाही. ज्यांचे उपचार लांबणार आहेत त्यांनी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन निवासाची सोय विचारावी. तिथे बसलेल्या लोकांचं कामच ते आहे. विचारायला संकोच करून पदपथावर झोपणारी कुटुंबं पाहिली की जीव तुटतो. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी असलेल्या डब्यातून कर्करुग्णांनाही प्रवास करता येतो. त्यासाठी रुग्णालयाची कागदपत्रं जवळ हवीत. आम्हाला हे कळायला वर्ष गेलं, कुणी सांगितलंच नव्हतं.

खोली ठरवताना ॲपवरचा फोटो पाहून लगेच पैसे भरू नयेत. लॉजवर फोन करावा आणि पहिला प्रश्न चेकआउटचा विचारावा. काही ठिकाणी आल्या वेळेपासून चोवीस तास मोजतात, काही ठिकाणी दुपारी बाराला दिवस संपतो. रात्रीच्या गाडीने येणाऱ्याला हा फरक फार महागात पडतो. सकाळी सातला खोलीत शिरलात आणि नियम बाराचा असेल, तर पाच तासांत एका दिवसाचं भाडं लागू होतं. चोवीस तासांचा लॉज शंभर-दोनशे रुपयांनी महाग असला तरी तोच घ्यावा. मग लिफ्ट आहे का, कितवा मजला, कमोड आहे का, गरम पाणी किती ते किती वाजेपर्यंत, हे विचारावं. सांगितलेल्या दरात कर धरला आहे का, तेही. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी पाच टक्के आहे, त्याहून जास्त कुणी लावत असेल तर बिल मागावं. धर्मशाळा आणि भक्तनिवासांच्या नावाने खोट्या साइट काढून आगाऊ पैसे उकळणारे फार झाले आहेत, म्हणून रुग्णालयाने किंवा संस्थेने दिलेल्या नंबरावरच बोलावं.

आणि शेवटच्या दिवशी खोली सोडून रात्रीच्या गाडीपर्यंत बॅगा वागवत फिरू नये. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये त्या ठेवता येतात. बॅगेला कुलूप हवं आणि जवळ तिकीट हवं, एवढीच अट. आठ-दहा वेळा लोकलने हिंडायचं असेल, तर उपनगरी रेल्वेचा एक, तीन किंवा पाच दिवसांचा पर्यटक पास मिळतो, दर वेळी तिकिटाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही.

आता आमच्या ओळखीतलं कुणी परळला निघालं की लोक माझ्याकडे लॉजचं नाव मागतात. मी नावाबरोबर आणखी तीन गोष्टी लिहून देते: कुठली गाडी कुठल्या फलाटावरून सुटते, रुळांच्या कुठल्या बाजूला उतरायचं आणि कितव्या मजल्याची खोली मागायची. तुम्ही मुंबईत राहत असाल आणि गावाकडून असा फोन आला, तर नुसतं ‘दादरला बघ, मिळेल’ असं सांगून ठेवू नका. पाच मिनिटं काढा आणि एवढं तरी सांगा.