पांढरा साका

पहाटे 5.30

आजची तारीख आमच्या मॅडमनी पंचांग बघून काढली. प्रयोगशाळेत पंचांग कशाला, असं नवीन मुलं विचारतात. नदी जिथे खाडीला मिळते तिथला नमुना ओहोटीलाच घ्यावा लागतो. भरतीला गेलात तर नदीऐवजी समुद्र बाटलीत भरून आणाल. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत दुपारी बाराच्या सुमारास भरती असते, म्हणजे अष्टमीच्या आसपास त्याच वेळेला ओहोटी. आज कार्तिक शुद्ध अष्टमी. शिवाय गुरुवार टाळायचा, कारण बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते ते मोजायची, बाटली 27 अंशांवर तीन दिवस ठेवतात आणि गुरुवारचा तिसरा दिवस रविवारी उजाडतो. तिथी आणि वार दोन्ही जुळेपर्यंत लग्नाचा मुहूर्त परवडला.

सामान कालच घरी आणून ठेवलंय: बर्फाची पेटी, काचेच्या 300 मिलिलिटरच्या बाटल्या, निर्जंतुक केलेल्या वेगळ्या, दोन रसायनं, पिपेट, स्पिरिटचा दिवा, दोरी. सासूबाईंनी डबा दिला आणि दरवेळचं वाक्य म्हटलं, "हात धुऊन खा गं बाई."

6.45, राष्ट्रीय उद्यान

बोरिवली पूर्वेच्या फाटकावर फिरायला येणाऱ्यांची गर्दी. परवानगीचं पत्र दाखवून गाडी आत. मदतनीस दादा माझ्यापेक्षा बारा वर्षं जुने आहेत. नमुना कुठे घ्यायचा ते त्यांना झाडांवरून कळतं.

दहिसर नदी तुळशी तलावाच्या सांडव्यातून निघते. तलाव 1879 सालचा, मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतला सगळ्यात लहान. त्याचं पाणी नळातून आलं तर आपण पितो. तेच ओढ्याने आलं की पुढच्या काही किलोमीटरांत नाकाला रुमाल लावतो.

इथे मात्र रुमाल लागत नाही. पाऊस जाऊन महिना झालाय, धार बारीक आहे, तळातले दगड दिसतात. बाटली पाण्याखाली तिरकी धरायची, एकही बुडबुडा न राहता भरायची. मग पिपेटचं टोक पाण्यात बुडवून आधी मँगनस सल्फेट, नंतर अल्कली-आयोडाइड-अझाइड. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात विरघळलेला प्राणवायू, म्हणजे डीओ, असेल तर तपकिरी साका तयार होतो आणि हळूहळू खाली बसतो. आजचा साका गुळाच्या काकवीच्या रंगाचा. दादा बाटली उजेडात धरून म्हणाले, "ही ठेवा जपून, दिवसभरात पुन्हा दिसायची नाही."

8.15, श्रीकृष्णनगर

उद्यानाची हद्द संपते तिथेच वस्ती सुरू होते आणि नदी एकदम काँक्रीटच्या दोन भिंतींमध्ये शिरते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हापासून या शहराने आपल्या नद्यांकडे पूर येऊ नये एवढ्याच नजरेने पाहिलं. रुंदीकरण केलं, गाळ काढला, भिंती बांधल्या. पुरासाठी भिंत हवी असेलही. पण भिंत झाली की नदीचा काठ जातो, आणि काठ गेला की माणसं तिला नाला म्हणायला लागतात. नाल्यात टाकायला कुणाला संकोच वाटतो?

पुलाच्या कठड्यावरून दोरी सोडली. डीओ मोजायला बादली चालत नाही. पाणी खळखळलं की हवा मिसळते आणि नदी आहे त्याहून बरी दिसते. म्हणून वजन लावलेल्या नळकांड्यात बाटली बसवून खाली सोडतो. सकाळची वेळ म्हणजे शहराच्या आंघोळीची, भांड्यांची, संडासची वेळ. भिंतीतल्या पाइपांना आत्ता जोर असतो. अकरानंतर हेच पाइप नुसते ठिबकतात, म्हणून नमुन्याच्या चिठ्ठीवर वेळ लिहिणं नावापेक्षा महत्त्वाचं.

साका फिकट. चहात दूध जास्त पडावं तसा.

9.30, एक तबेला

कुठला ते लिहीत नाही. काठावर तो एकटा नाही. शहरातल्या म्हशी बाहेर न्याव्यात म्हणून 1949 मध्ये आरे वसाहत उभी राहिली, तरी बऱ्याच म्हशी उपनगरांत उरल्या. उपनगरं तेव्हा शहराबाहेरच होती म्हणा.

आज गोपाष्टमी. गोठ्यातल्या दोन गाईंच्या शिंगांना रंग, गळ्यात झेंडूच्या माळा. मालकांनी पेढा हातावर ठेवला. मागच्या बाजूला एक मुलगा पाइप धरून फरशी धूत होता आणि हिरवं-काळं पाणी उताराने सरळ नदीत. एक म्हैस दिवसाला पंधरा-वीस किलो शेण टाकते. आता गोठा मोजा.

मालकांना माझ्या बाटल्या ओळखीच्या आहेत. म्हणाले, "मॅडम, शेण न्यायला आधी शेतकरी यायचे. आता मीच पैसे देतो म्हटलं तरी ट्रकवाला येत नाही. मी कुठे ठेवू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. गावाला जे खत झालं असतं ते इथे प्रदूषण होतं, कारण मध्ये फक्त एक ट्रक कमी आहे. तरीही नदीत लोटणं हा गुन्हाच, आणि मी तसं त्यांना म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि दुसरा पेढा दिला.

10.40, दौलतनगर

रेल्वेचा खडखडाट इथून ऐकू येतो. पाणी काळं, वरून बुडबुडे फुटताहेत, कुजक्या अंड्यांचा वास. तो हायड्रोजन सल्फाइड. पाण्यातला प्राणवायू संपला की ज्यांना तो लागतच नाही असे जिवाणू कामाला लागतात, आणि हा त्यांचा उच्छ्वास.

बाटली भरली. पहिलं रसायन, दुसरं रसायन, बूच, उलटसुलट. साका आला. पांढरा.

नवख्याला वाटतं, पांढरं म्हणजे स्वच्छ. मलाही पहिल्या वर्षी वाटलं होतं आणि मी आनंदाने मॅडमना फोन केला होता. मँगेनीजला जोडून घ्यायला प्राणवायूचा कणही सापडला नाही की साका पांढरा राहतो. मासा इथे आला तर पाण्यात असून गुदमरेल. आंघोळीच्या पाण्याचं सरकारी मानक सांगतं: डीओ लिटरला किमान 5 मिलिग्रॅम, बीओडी 3 पर्यंत, विष्ठेतले कॉलिफॉर्म 100 मिलिलिटरमध्ये 2500 च्या आत. पहिल्या आकड्यासाठी मला प्रयोगशाळेत जायची गरजच उरली नाही.

वर पुलावर एक आजोबा थांबले. इथे पोहायला शिकलो, म्हणाले. या नदीवर सिनेमांची चित्रीकरणं व्हायची, ती त्यांनी झाडावर बसून पाहिलीत. "आता काय शोधता?" मी म्हटलं, प्राणवायू. ते हसले नाहीत.

12.40, खाडीकडे

कांदरपाड्याच्या पुढे, दहिसर गावठाणापलीकडे नदी मनोरी खाडीत शिरते. ओहोटी वेळेवर. चिखल उघडा पडलाय, तिवरांची श्वास घेणारी मुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर आलीत आणि प्रत्येक पेन्सिलीला काहीतरी अडकलंय: दुधाची पिशवी, गुटख्याची पुडी, निर्माल्याची पिशवी गाठीसकट. प्लास्टिक पिशव्यांवरची बंदी राज्यात 23 जून 2018 पासून अमलात आहे. मुळांवर पिशव्या गुंडाळल्या की तिवरही गुदमरतं, फक्त त्याला वर्षं लागतात. तरी चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. एवढ्यातही.

डबा गाडीत खाल्ला. हात तीनदा धुतले.

दुपारी 3.00, अंधेरी

द्रुतगती महामार्गाने येताना पोयसर नदी ओलांडली, मग ओशिवरा. मिठी अजून पुढे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांतले 53 महाराष्ट्रातले, इतर कुठल्याही राज्याहून जास्त. मिठी त्यात पहिल्या, म्हणजे सर्वांत वाईट गटात.

प्रयोगशाळेत आधी कॉलिफॉर्मच्या नळ्या लावल्या. जिवाणू थांबत नाहीत. मग साक्यांच्या बाटल्यांत आम्ल. उद्यानातली बाटली झळझळीत पिवळी झाली. स्टार्चचे थेंब टाकल्यावर निळी, मग थायोसल्फेट थेंब-थेंब सोडत निळा रंग उडेपर्यंत मोजायचं. दौलतनगरच्या बाटलीत आम्ल टाकलं, साका विरघळला आणि पाणी तसंच राहिलं. उडवायला रंगच नव्हता. वहीत लिहिलं: निरंक. बीओडीच्या बाटल्या कपाटात बंद केल्या. अहवालावर सही होईल, शिक्का बसेल, फाइल लागेल. मागच्या वर्षीचीही नीट लागली आहे.

रात्री 9.30, घर

सासूबाईंनी वॉशिंग मशीन लावलंय. रात्री वीज कमी लागते असा त्यांचा सिद्धांत आहे. मशीन कोरड्या बाल्कनीत. त्याची नळी बाल्कनीतल्या पाइपात सोडलेली आणि तो पाइप पावसाच्या पाण्याचा. तो मलवाहिनीला जात नाही, रस्त्याकडेच्या पर्जन्यवाहिनीला जातो आणि ती नदीला. आमच्या इमारतीत चौदा बाल्कन्या बंद करून तिथे मशीन बसवली आहेत. पाइप कुठे जातो ते प्लंबरने दोन वर्षांपूर्वीच दाखवलं होतं. पाइप बदलायचा विषय मी सोसायटीत तेव्हाच दिला, आणि "पुढच्या सभेत घेऊ" असा ठराव झाला.

मशीन फेस सोडायला लागलं. बाल्कनीत उभी राहिले की पाइपातून पाणी खाली जाताना ऐकू येतं.

येत्या रविवारी सभा आहे. विषयपत्रिकेत माझा विषय अकरावा, पार्किंगनंतर. तुमच्या इमारतीची सभा असेल तर बाल्कनीतला पाइप कुठे जातो एवढं विचारा. जमलं तर पार्किंगच्या आधी.